नवरीच्या हातचा बंगला

धुळ्यात पांझरेच्या काठी आमची वीटभट्टी होती. नाना, म्हणजे माझे वडील, भट्टी लावायचे आणि मी तिथं बसून जन्माची माती करून घेतेय, असं आईचं म्हणणं. कारण मी विटा पाडायची. खऱ्या नव्हे, बोटाच्या पेराएवढ्या. सुताराकडून सागाच्या तुकड्याचा साचा करून घेतला होता. माती धोतराच्या फडक्यातून चाळायची, भिजवायची, मुरू द्यायची. विटा सावलीतच वाळवायच्या, उन्हात त्या पापडासारख्या वाकतात. मग मडक्यात भरून, तोंड लिंपून, ते मडकं मोठ्या विटांच्या थरात ठेवायचं. पहिल्या खेपेला सगळ्या तडकल्या. मी दिवसभर रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माती चाळायला बसले. अशी मी हट्टी.

त्या विटांची मी घरं बांधायची. चिंचोक्याच्या खळीत विटांची पूड कालवली की झाला चुना. एक थर आडवा, एक उभा, आणि सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. भट्टीवर येणारे गवंडी त्याला सांधमोड म्हणायचे. त्यांचं बोलणं ऐकत ऐकतच मी शिकले, मुद्दाम कुणी शिकवलं नाही. मुलीला वीटकाम कोण शिकवणार?

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, अक्काचं लग्न ठरलं. अक्का माझी थोरली बहीण. स्थळ जळगावचं, माणसं शिकलेली, घरात रेडिओ. अशा घरी रुखवत कसं न्यायचं, याची आईला काळजी लागली. अक्काच्या हातचे पापड नि कुरडया म्हणजे खरंच देखणं काम, पण ते कुणाच्याही रुखवतात असतं. मग आईची नजर माझ्या विटांवर गेली. तोवर त्याच विटांना ती भिकेचे डोहाळे म्हणत होती!

मी बंगला बांधला. दुमजली. पुढे कमानींचा व्हरांडा, वर गच्ची, गच्चीला विटांचीच जाळी. कमान तीनदा ढासळली. हिवाळाभर मी दुसरं काही केलं नाही. पुरा झाला तेव्हा नानासुद्धा उकिडवे बसून बघत राहिले. मला वाटलं, आता रुखवतात लोक विचारतील, कुणी केलं हो हे? आणि माझं नाव निघेल. मी तसं बोलून दाखवलं, तर आईनं तिथल्या तिथं मला गप्प केलं.

"हाई नवरीना हातनं शे, आसंच बठ्ठा सांगतस. रीत शे ती. तू तोंड उघाडू नको."

नवरीच्याच हातचं म्हणून सांगायचं, ही रीत म्हणे! मी पाय आपटले, एक वेळ जेवले नाही. तेव्हा अक्का जवळ आली. नखात माती गेली तर जिला घास जात नसे, तिनं माझे मातीचे हात हातात घेतले. म्हणाली, "तुझ्या लग्नाच्या वेळी मी सगळ्यांना खरं सांगेन. देवाशपथ." मी विश्वास ठेवला. बहीण आहे, तिच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

लग्नात बंगल्यानं बाजी मारली. व्याह्यांकडच्या बायका तोंडात बोटं घालत होत्या आणि अक्काची सासू आत्ताच तोरा मिरवत होती, "आमच्या सूनबाईच्या हातचं आहे हो!" पण मला आठवतो तो अक्काचा धाकटा दीर. बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होता. तो बंगल्यापुढं मांडी घालूनच बसला. म्हणाला, "सांधमोड बघा! आमच्या गवंड्यांना ओरडून ओरडून सांगावं लागतं. वहिनी, कुणी शिकवलं तुम्हाला?" अक्कानं मान खाली घातली. लोकांना ती लाज वाटली. मी सरबताचा तांब्या घेऊन मागे उभी होते. मला तो माणूस तिथंच आवडला, सरळ सांगते. आता या वयात कुणाला भ्यायचं? माझं काम ज्याला कळलं असा तो पहिलाच माणूस, आणि त्याला मी ठाऊकच नव्हते.

पुढं दोनेक वर्षांनी त्याच घरातून त्याच्यासाठी माझी विचारणा झाली. मला आभाळ ठेंगणं झालं. एरवी मुलाकडचे येतात, पण सोयरीक घरचीच, अक्काला दिवस गेलेले, तर तिला भेटायच्या निमित्तानं आम्हीच जळगावला गेलो. पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात माझा बंगला ठेवलेला. त्याच्यासमोरच मला पाटावर बसवलं.

त्यानंच विचारलं, "तुम्हाला कशाची आवड आहे?"

मी म्हटलं, "बांधकामाची."

सगळे खो खो हसले. अक्काच्या सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई! मग बहिणीकडून शिकून घे की." तो बिचारा हसला नाही. उठला, कपाटातून बंगला काढून माझ्यापुढं ठेवला आणि मला समजावून सांगायला लागला. कमान कशी उभी राहते, मधली वीट कशी बसवतात, ती चुकली तर सगळं कसं खाली येतं. मी 'हो' 'हो' करत ऐकत होते. ज्या कमानीनं मला तीनदा रडवलं ती कमान तो मला शिकवत होता, काय म्हणावं!

मी अक्काकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. आई आणि नाना दोघंही खाली बघत होते. अक्कानं पदर सारखा केला आणि म्हणाली, "तिला कुठला एवढा धीर! ती पहिल्यापासून धसमुसळी."

मी तरी का नाही बोलले? अहो, बोलले असते तर पोटुशी बहीण सगळ्यांदेखत खोटी पडली असती. शिवाय मला वाटत होतं, आता बोलेल, चहा झाल्यावर बोलेल, निघताना तरी बोलेल.

निरोप आला तो असा: मुलगी बरी आहे, पण मुलाला वहिनींसारखी हातात कला असलेली बायको हवी. आईनं देवापुढं दिवा लावला नाही त्या दिवशी. नाना एवढंच म्हणाले, "जाऊ दे, एक तरी नीट नांदतेय." माझ्या विटांची मडकी ज्यांनी स्वतःच्या हातानं भट्टीत ठेवली, ते नाना. मला त्या दिवशी तिघांचाही राग आला. अजून गेलेला नाही.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का बाळ घेऊन माहेरी आली. कडुनिंबाला झोका बांधलेला, गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या. अक्का झोक्यावर न बसता माझ्यामागे भट्टीवर आली. नणंदेचं लग्न ठरलं होतं. सासूनं गावभर सांगून ठेवलं होतं की आमची सून लेकीला पहिल्याहून मोठा बंगला करून देणार.

"तू करून दे. मी पेटीत घालून नेईन."

"देते," मी म्हटलं. "पण तिथं सांगायचं, कुणी केला."

"वेडी आहेस का? मला त्या घरात तोंड दाखवायला जागा राहील?"

"आणि माझं तोंड कुठे गेलं?"

ती रडायला लागली. आई धावत आली. "बहीण शे ना तुनी!" म्हणून माझ्यावरच ओरडली. मी साचा अक्काच्या पायापाशी ठेवला. "ही माती, हा साचा. तुझ्याच हातचं कर." आणि घरी निघून आले. आई पुढं बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही.

नणंदेच्या लग्नाला मात्र जावंच लागलं. नवा बंगला नव्हताच. रुखवतात तोच जुना मांडला होता. खळ अजून धरून आहे का, जाळीच्या विटा सुटल्या तर नाहीत ना, एवढं बघायला मी वाकले, तर त्या घरची एक काकू मधे आली. "तू जरा लांबूनच बघ गं."

मला कळेना. मग सासूबाईच बोलल्या, दबक्या आवाजात, पण मला ऐकू येईल अशा. दाखवायला आणली होती तेव्हा ही बंगल्याकडे टक लावून बसली होती. त्या दिवसापासून सूनबाईचा हातच चालेनासा झालाय. सूनबाईच म्हणाली, धाकटीची दृष्ट लागली. तो ओव्हरसीअरही तिथंच उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे निघून गेला.

तेवढ्यात अक्का मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन आली. बंगल्यावरून ओवाळल्या आणि शेगडीत टाकल्या. खोली धुरानं भरली. बायका पदर तोंडाला लावून खोकायला लागल्या, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, बाळ कडेवर ठसकून ठसकून लाल झालं. दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा ठसका येत नाही, असं म्हणतात ना. सासूबाई खोकत खोकत म्हणाल्या, "बघा, जरासुद्धा ठसका नाही. कडक लागली होती हो दृष्ट!"

अक्कानं डोळे पुसले आणि म्हणाली, "हो ना."