रेहानाच्या कामाचा दर

मिहीर, सई — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुमच्या आईलाही नाही. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही हसता, मग मीही हसून विषय बदलते. म्हणून लिहिते.

शेजारची रेहाना आठवते ना? माझ्याकडे इंग्रजी शिकली, पुढं घरी बसून वेबसाइट बनवायला लागली. काम चोख. पण दर सांगायची वेळ आली की जीभ अडखळायची. म्हणाली, "बाई, तेवढं तुम्हीच बोला." मी बोलायला लागले.

तुळजापूरचे एक लॉजवाले आले. दर ऐकून म्हणाले, "पोरगी घरचीच हाय की, बाई. घरच्या पोरीला कुठं दर असतो व्हय?"

घरची — तिला यांनी लॉजमधली खोली कधी फुकट दिली असती का? रेहाना तिथं नव्हती. मी सांगून टाकलं, रेहाना नुसते फोटो गोळा करते, साइट माझा नातू मिहीर बनवतो, जर्मनीत. आणि दर दुप्पट केला. ते निमूट "बरं" म्हणाले.

हो, खोटं बोलले. पैसे सगळे रेहानाला मिळाले. दर वाढवल्याची मला लाज नाही, आजही वाढवीन. पण थांबा — सांगायचंय ते हे नव्हे.

साइटच्या तळाशी तिनं बारीक अक्षरात स्वतःचं नाव घातलं होतं. ते मी काढायला लावलं. "बरं दिसत नाही," म्हटलं. तिनं काढलं — बाई सांगतात म्हणजे बरोबरच असणार. पुढच्या प्रत्येक कामात तेच.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरीसाठी बोलावलं. तिनं ती साइट दाखवली. त्यांनी खात्रीसाठी लॉजवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, हे काम तर बाईंच्या नातवाचं. नोकरी हातची गेली, वर खोटारडी ठरली.

माझ्या ओट्यावर बसून तिनं विचारलं, "बाई, असं का म्हणले असतील ते?"

मला ठाऊक होतं. "लोकांचं काय सांगावं," म्हणाले — आणि चहा ठेवायला आत गेले.

का? इंग्रजीच्या बाई खोटं बोलतात, असं गावभर झालं असतं म्हणून. एवढंच. दुसरं कारण नाही, आणि मी शोधणारही नाही.

उद्या सकाळी रेहानाला सांगणार आहे. मग त्या कंपनीला पत्र, आणि एक लॉजवाल्यांना. मिहीर, त्यात तुझं नाव येईल. विचारत नाही, कळवते आहे.