लेबल तीनदा वाचणारी

माझी थोरली बहीण बावीस वर्षं इस्पितळाच्या औषधखिडकीत उभी राहत आलेली. मी बस डेपोत वेळापत्रकं लावतो. आमच्या स्वभावांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि त्याला आमची कामंच कारणीभूत आहेत. एखादी बस चार मिनिटं उशिरा सुटली तरी माझं डोकं फिरतं. डेपोत मला सगळे मिनिटराव म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणतात असा माझा गैरसमज नाही. ताईला उलट कुणी घाई केली की ती आणखीच सावकाश होते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे चहा उकळण्यापासून दाराला कुलूप लावण्यापर्यंत कशावरूनही आमची जुंपते.

तिची सगळ्यांत मोठी खोड म्हणजे लेबल तीनदा वाचणं. पहिल्या नोकरीत एका म्हाताऱ्या कंपाउंडरने तिला ते शिकवलं. बाटली फळीवरून उचलताना एकदा वाचायचं, औषध मोजताना एकदा आणि बाटली परत ठेवताना एकदा. त्यांतलं तिसरं वाचन चुकवायचं नाही, कारण तोवर आपलं बरोबरच आहे असं माणसाला वाटायला लागलेलं असतं. बावीस वर्षांत तिच्या हातून चुकीचं औषध एकदाही खिडकीबाहेर गेलं नाही. रांगेतली माणसं कुरकुरायची, मागे तिला गोगलगाय म्हणायची. ते तिच्या कानावर यायचं आणि ती शांतपणे पुढची चिठ्ठी घ्यायची.

मग नवा नियम आला. जुन्या पदविकेवर यापुढे खिडकीत उभं राहता येणार नाही, पदवीच हवी. दोन वर्षांची मुदत मिळाली. पदवी नसेल त्याने तळघरातल्या गोदामात जायचं, आलेली खोकी लावायची आणि मागणी आली की वर पाठवायची. पगार तोच. मी तिला म्हटलं की बरं झालं, पायांना आराम मिळेल. ताईचा चेहरा असा उतरला की मी जीभ चावली. खिडकीतल्या माणसाला औषध द्यायचं, ते कधी आणि किती घ्यायचं हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, हेच तिचं सगळं होतं. तिने मला सरळ सांगितलं की ती खिडकी गेली तर आपण इस्पितळात कशाला जातो हेच तिला कळेनासं होईल.

म्हणून तिने सेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवीला नाव घातलं. व्याख्यानं पाहिली, टिपणं काढली, लेखी परीक्षा एकामागून एक दिल्या. मी मनातल्या मनात तिला नमस्कार करायचो आणि तोंडाने टोमणे मारायचो. शेवटी राहिली ती आभासी प्रयोगशाळा. लॅपटॉपच्या पडद्यावर औषधांच्या फळ्या, बाटल्या, मोजपेले, सगळं खऱ्यासारखं. डॉक्टरची चिठ्ठी यायची आणि त्याप्रमाणे औषध काढून, मोजून द्यायचं. ही यंत्रणा माणूस बघून काम द्यायची. जमतंय असं दिसलं की पुढची चिठ्ठी अवघड, जमत नाही असं दिसलं की सोपी. अशा पाच पायऱ्या होत्या आणि पाचवी गाठल्याशिवाय अंतिम परीक्षा उघडत नव्हती. शिकवायला एका बाईचा आवाज होता. ताई तिला नुसतं ‘बाई’ म्हणायची.

या बाईने ताईला दोन आठवड्यांत तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर आणलं आणि तिसऱ्या आठवड्यात पहिलीवर. उत्तरं सगळी बरोबर, तरी गाडी उलटी. दर वेळी बाई गोड आवाजात म्हणायची की काळजी करू नका, आपण थोडं सोपं करून पाहू या. एकदा तर तिने मोजपेला दाखवून हे काय आहे असं विचारलं. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिने अर्ध्या शहराला औषधं दिली तिला ही पेला ओळखायला लावत होती. तरी उत्तर देण्याआधी ताईने पेल्यावरच्या मापाच्या खुणा नीट निरखून पाहिल्या, आणि बाईने ते शेजारीच खोळंबा म्हणून नोंदवलं.

परीक्षा शनिवारी होती. आदल्या रविवारी तिने अभ्यासक्रमाच्या सरांना व्हिडिओवर गाठलं. तरुण मुलगा होता, पण अदबीने बोलणारा. त्याने तिची नोंद उघडली आणि जरा ओशाळून सांगितलं की यंत्रणा नुसतं उत्तर बघत नाही, लागलेला वेळ बघते आणि विद्यार्थी किती वेळा मागे जातो तेही मोजते. जो सारखा मागे वळून लेबल बघतो त्याला येत नाही, असं तिने धरलेलं आहे. अनुभवी माणसांना हा त्रास होतो हे त्याला माहीत होतं, पण त्याच्या हातात काही नव्हतं. तक्रार करता येईल, उत्तराला महिना लागेल. ताईची मुदत सोमवारी संपत होती.

सरांशी बोलणं संपल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. इतकी वर्षं मी जे काम करत आलो तेच इथे हवं होतं. मी फोनवर स्टॉपवॉच लावलं आणि तिला म्हटलं, चिठ्ठी बघ, बाटली उचल, मोज, पुढे चल. लेबल एकदाच. मागे वळायचं नाही. ती तिसऱ्यांदा वाचायला गेली की मी टेबलावर बोटं वाजवायचो. सकाळी ड्युटीच्या आधी तासभर, संध्याकाळी आल्यावर दोन तास. पहिल्या दिवशी ती माझ्यावर खेकसली. दुसऱ्या दिवशी गप्प बसली. मंगळवारी तिसरी पायरी, बुधवारी चौथी, गुरुवारी पाचवी. बाईने टाळ्यांचा आवाज काढला. मी स्वतःवर इतका खूश झालो की डेपोत सगळ्यांना सांगत सुटलो. ताई मात्र हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली, आणि तिला काय झालंय हे विचारायचं मला सुचलं नाही.

शुक्रवारी माझी पाळी लवकर सुटली म्हणून मी तिला घ्यायला इस्पितळात गेलो. फाटकाजवळ पोचतो तोच ती पांढऱ्या कोटातच धावत बाहेर आली. ताईला धावताना मी शाळेनंतर पाहिलं नव्हतं. धापा टाकत तिने सांगितलं की एका बाईला तिच्या लहान मुलासाठी तिने औषधाची बाटली दिली. त्याच औषधाच्या दोन ताकदी असतात, मोठ्यांची आणि मुलांची, बाटल्या शेजारीशेजारी. पुढचा माणूस आला, त्याची चिठ्ठी घेतली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण लेबल एकदाच वाचलं. हात आपसूक पुढे गेला होता. कोणती बाटली दिली हे आठवायला गेली तर काहीच आठवेना.

त्या बाईला बस पकडायची घाई होती, म्हणून आम्ही दोघं बसथांब्याकडे धावलो. त्या बाईची बस कोणती असेल याचा मी हिशेब केला, आणि ती वेळेवर असेल तर सुटून चार मिनिटं झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी बस उशिरा यावी अशी प्रार्थना केली. ती बाई थांब्यावरच उभी होती. पोराला कडेवर घेऊन, उशीर झाला म्हणून डेपोला शिव्या देत. ताईने तिच्याकडे बाटली मागितली. लेबल वाचलं. बाटली फिरवून परत वाचलं. डोळ्यांसमोर धरून तिसऱ्यांदा वाचलं. त्या बाईच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मग राग. बाटली मुलांचीच होती. ताईने तिला किती चमचे आणि कधी ते पुन्हा विचारून घेतलं, माफी मागितली आणि बस गेल्यावर बाकावर बसली.

माझा जीव भांड्यात पडला होता. मी म्हटलं की चला, बरोबरच निघाली ना, मग सोड आता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाटली बरोबर होती. पण ती मी दिली नाही, नशिबाने दिली.”

टेबलावर बोटं मीच वाजवली होती.

तरीही शनिवारी सकाळी मी पुन्हा माझ्या वळणावर गेलो. खोटं कशाला बोलू, मला तिची खिडकी वाचवायची होती. वीस चिठ्ठ्या, चाळीस मिनिटं. एका चिठ्ठीला दोन मिनिटं, आणि तिच्या पद्धतीने तीन लागत. शेवटी पायरी चौथीच्या खाली घसरली किंवा चिठ्ठ्या उरल्या तर नापास. मी तिला समजावलं की आजचा एकच तास माझ्यासारखी वाग, सोमवारपासून खिडकीत जन्मभर तीनदा वाच. पडद्यावरची बाटली कुणी पीत नाही.

ती केस बांधत होती. म्हणाली, “अरे, खरी बाटली कोणती न् खोटी कोणती, हे हाताला कळत नाही. काल बघितलंस ना.”

मग तू काय करणार, असं मी विचारलं. तिने केसांची गाठ घट्ट केली. तीन वाजता ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरं कुणी नको असा नियम होता, कॅमेरा सगळं बघत होता. आमच्या त्या दाराचा वरचा भाग काचेचा आहे. मी बाहेर स्टुलावर बसलो. मला पडदा दिसत नव्हता, फक्त ताईचा चेहरा दिसत होता आणि बाईचा आवाज ऐकू येत होता. पहिल्या चिठ्ठीला तिचे डोळे वर, लेबलाकडे गेले, खाली आले. डोळे पुन्हा वर गेले. मग मोजपेल्यावर, आणि बाटली परत ठेवताना तिसऱ्यांदा वर. मी कपाळावर हात मारला. तिने ठरवलेलं होतं.

पाचव्या चिठ्ठीनंतर बाई म्हणाली की आपण थोडं सोपं करून पाहू या. म्हणजे चौथी पायरी. आठवीनंतर परत तेच, म्हणजे तिसरी. दहा चिठ्ठ्या झाल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीस मिनिटं गेली होती. उरलेल्या सोप्या चिठ्ठ्या मिनिटाला एक उरकल्या असत्या तर अजूनही जमलं असतं. निदान चिठ्ठ्या तरी संपल्या असत्या. मी उठून काचेशी गेलो आणि हाताने खुणावलं, चल, चल, आटप. तिने मान वर केली. लगेच आतून बाईचा आवाज आला की कृपया पडद्याकडे पाहा, ही पहिली सूचना आहे. ताईने माझ्याकडे पाहून एकदाच नकारार्थी मान हलवली. त्यात राग नव्हता. लहानपणी मी रस्त्यात तिचा हात सोडून पळायला बघायचो तेव्हा ती तशीच मान हलवायची. मी मुकाट्याने स्टुलावर जाऊन बसलो आणि घड्याळाकडे पाठ केली.

त्यानंतरची दहा मिनिटं मी फक्त तिचे डोळे बघत होतो. वर, खाली, वर, खाली, वर. शेवटी शेवटी चिठ्ठ्या इतक्या सोप्या येत होत्या की बाई एकेक अक्षर सावकाश उच्चारून वाचून दाखवायची, आणि ताई त्याही तितक्याच मन लावून देत होती. मला रडू येत होतं आणि तिचा अभिमानही वाटत होता, आणि त्याच वेळी तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. वेळ संपल्याची घंटा वाजली. तिने कॅमेरा बंद केला आणि मला आत बोलावलं.

पडद्यावर निकाल होता. तेरा चिठ्ठ्या पूर्ण, तेराही बरोबर. सात शिल्लक. पायरी दुसरी. पाया कच्चा असल्याने मोजमापाच्या साधनांच्या ओळखीपासून पुन्हा सुरुवात करावी, असा सल्ला. परीक्षा अपूर्ण. सोमवारपासून खिडकीत दुसरं कुणीतरी असणार होतं आणि ताई तळघरात. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली की चहा टाक, आणि या वेळी उकळू दे नीट.

एवढ्यात पडद्यावर शेवटचा एक प्रश्न आला. तो सगळ्यांनाच येतो, त्याला गुण नसतात. दिलेल्या उत्तरांबद्दल तुम्हाला किती खात्री आहे, असं बाईने विचारलं, आणि खाली तीन चौकोन आले, ‘अंदाजाने’, ‘बऱ्यापैकी’, ‘पूर्ण’.

ताईने ‘पूर्ण’ दाबलं. त्या दिवशी तेवढा एकच प्रश्न तिने दुसऱ्यांदा वाचला नाही.