बंद काचांची जीप

"बसा अंदर, मंग बोला."

कोणी रस्ता विचारो, कोणी भांडायला येवो, काका आधी जीपचं दार उघडायचे आणि हेच म्हणायचे. असा माणूस तुम्हीही कामावर पाहिला असेल. त्याची नक्कल करण्यात आपले दिवस मजेत जातात.

मी कोल्हापूरकडचा, सातवीत शाळा सोडलेला. देवळीजवळ विजेच्या लाइनचे मनोरे उभे करायला आमची सहा जणांची टोळी आली होती. मुक्काम पडीक शेतात, तंबूत. काका तिथलेच, पन्नाशीचे. लोखंडी टपाच्या जुन्या जीपमधून आम्हाला ने-आण करायचे. पहिल्याच दिवशी तंबू बघून ओरडले, "लिंबाखाली काऊन गाडला बे? सावली पाह्यली, इज नाई पाह्यली?"

एप्रिलचं ऊन होतं, वीज कुठली पडायला. आम्ही तंबू हलवला नाही.

एका दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं होत आलं. काकांनी हॉर्न दाबूनच धरला. आम्ही हसत हसत आत कोंबलो गेलो. काचा बंद. एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत, घामाचा आणि खर्र्याच्या तंबाखूचा वास.

"लोखंडाले हात नोका लावू. मांडीवर ठेवा."

टपावर गारा ताडताड पडायला लागल्या आणि मला आठवलं, पिशवी तंबूत राहिली. तिच्यात शाळेचा दाखला होता. कुठल्याही कामावर नाव लावायला माझ्याकडे तेवढा एकच कागद. मी दाराकडे झेपावलो. काकांनी मागून कॉलर धरली.

"सोडा काका, माझा दाखला आहे त्यात!"

"भिजू दे. शाळेतून दुसरा आणजो. तुह्या मायले दुसरा तू कुठून आणून देऊ?"

मी त्यांना नाही नाही ते बोललो. श्वास कोंडत होता, पण मूठ सुटेना. तेवढ्यात सगळं पांढरं झालं आणि कान बंद पडले. काच पुसून पाहिलं, तर कडुलिंब उभा चिरलेला आणि तंबू त्याच्या फांदीखाली चेपलेला.

हसणं बंद झालं. काकांची मूठ थरथरत होती. मला वाटलं, रागाने.

गारा थांबल्यावरही त्यांनी सोडलं नाही. "गडगड आयकू येऊन राह्यली. बसा." आणखी अर्धा तास तसेच बसलो.

पुढच्या आठवड्यात आमची लाइन हिंगणघाटकडे सरकली. तिकडे दुसरी गाडी लागली आणि काका पुन्हा दिसले नाहीत. दाखल्याचा लगदा झाला होता. दुसरा मिळाला, चार महिन्यांनी. पण जीपचं दार उघडलं तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. सगळे उतरून तंबूकडे धावले. मीही निघालो, तर काका स्टिअरिंग धरून तसेच बसलेले.

"काय झालं, काका?"

"पाय उचलत नाई, बाबू. इजेचं मले लहानपणापासून भेव. जरा धरजो."

मी धरून उतरवलं. पिशवी समोर तीस पावलांवर होती. त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता. मी खाली पडलेल्या गारांत तसाच उभा राहिलो.