तळ्याकडे पाठ

मासे धरणारी माणसं जगात पुष्कळ आहेत आणि जावयाचा मान ठेवणारे मेहुणेही पुष्कळ आहेत. पण जावयाला पंधरा वर्षं दर रविवारी मासे धरायला सोबत नेऊन त्याला एकही मासा गळाला लागताना पाहू न देणारे मेहुणे माझ्याशिवाय आणखी कुणाला लाभले असतील, असं मला वाटत नाही. हे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. वडनेरला त्यांचं किराणा दुकान आहे. सोमवार ते शनिवार ते गिऱ्हाइकांशी इतकं बोलतात की रविवारसाठी त्यांच्याकडे शब्दच शिल्लक राहत नाहीत. रविवारी उजाडता उजाडता ते स्कूटरवरून हिंगणघाटला यायचे, आमच्या दारात एकदाच हॉर्न वाजवायचे, आणि शाळेत पन्नास पोरांना दरडावणारा मी मास्तर निमूट त्यांच्या मागे जाऊन बसायचो. गिरडच्या टेकड्यांमागे, रानाला अगदी लागून एक तळं आहे. त्याचं नाव त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मीही इथं सांगणार नाही, कारण ते हा लेख कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय राहणार नाहीत.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला तिथं नेलं तेव्हा मला वाटलं, आता आपल्याला गळ टाकायला शिकवणार. मी खुशीत पाण्याकडे तोंड करून बसलो. त्यांनी मला दोन्ही खांद्यांना धरून उलटं वळवलं आणि माझ्या पाठीला पाठ लावून स्वतः पाण्याकडे तोंड करून बसले. "जवाईबापू, मी पान्याकडं पाहातो, तुमी रानाकडं पाहा," ते म्हणाले. "दोघांनीबी पान्याकडं पाह्यलं तं मांगून येनाऱ्याले कोन पाहीन? आन काईबी झालं तरी वळाचं नाई." त्यांच्या घरी मी गेलो की पहिलं ताट माझं असतं, आणि हात धुवायला तांब्या घेऊन ते स्वतः उभे राहतात. तळ्याकाठी मात्र मी एका रिकाम्या पोत्यावर बसलेला चौकीदार. आठवड्यातले सहा दिवस मिळालेला मान सातव्या दिवशी असा वसूल व्हायचा.

तरी मला मासे कळत नव्हते असं नाही. मासा लागला की आधी त्यांची पाठ ताठ व्हायची, मग डावा खांदा खाली जायचा, मग पाण्यात खळबळ, आणि शेवटी माझ्या कमरेशी ठेवलेल्या ओल्या पोत्यात काहीतरी धडपडायचं. रोहू असला की पाठ दोनदा हिसके देई. मरळ असली की नुसतीच जड होऊन मागे कलायची. पुढं पुढं मी पोतं न उघडता मासा सांगू लागलो, आणि तो बहुतेक बरोबर निघायचा. मासे धरणारे लोक हात पसरून पसरून जे सांगतात, त्यातलं यांनी कधी काही सांगितलं नाही. घरी आले की पोतं वहिनींच्या हाती देत आणि आंघोळीला जात.

त्यांचे नियम सगळे ठरलेले. जाताना गिरडच्या रस्त्यावरून टेकडीवरच्या दर्ग्याकडे हात जोडायचे. झाडी सुरू झाली की स्कूटर लावून पायी चालायचं, आणि तळं दिसायच्या आत उभं राहून मोठ्यानं सांगायचं, "येऊन राह्यलो बाप्पा. दोघं आहो. दुपारलोक बसतो, मंग जातो." मी पहिल्यांदा हसलो तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "जनावराच्या घरी जाऊन राह्यलो आपन. दारात खाकरा लागते मानसानं." हे त्यांनी कधी चुकवलं नाही. एकदा त्यांचा घसा बसला होता, तर माझ्याकडून म्हणून घेतलं, आणि माझा आवाज बरोबर पोचला नाही म्हणून आणखी एकदा म्हणायला लावलं.

गळाला लावायचं आमिष वहिनी करून देत. सरकीची ढेप, कणीक आणि गूळ मळून त्याचे सुपारीएवढे गोळे, आणि ते आमच्या भाकरीच्या डब्यासारख्याच दुसऱ्या डब्यात. एका रविवारी मला भूक लागली. ते पाण्यावरची नजर काढणार नाहीत, मी रानावरची काढायची नाही, तेव्हा त्यांनी मागे न बघता डबा सरकवला आणि मी खाली न बघता हात घातला. मला वाटलं वहिनींनी लाडू दिले आहेत. "वहिनींचे लाडू आज जरा कडक झालेत," मी जावयाला शोभेल अशा बेतानं म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "किती खाल्ले?" मी म्हणालो, दोन. "दोन रोहू गेले मंग," ते म्हणाले आणि त्यावर परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

दर थोड्या वेळानं ते विचारायचे, "काय हाय मांगं?" मी सांगायचो, मोर आहे, चितळं आहेत, काही नाही. मासेमारी शिकायला गेलेला मी अशा रीतीनं रान शिकलो. आणि आठव्या का नवव्या वर्षी एका सकाळी, माकडं खाकरायला लागली म्हणून मी मान वर केली, तर समोरच्या सागांतून वाघ बाहेर आला. पन्नासेक पावलांवर. तो थांबला आणि त्यानं आमच्याकडे पाहिलं. "काय हाय मांगं?" मागून आवाज आला. माझी पाठ थरथरत असावी, कारण ते हळूच म्हणाले, "उठू नका. मी आहो." आणि त्यांनी आपली पाठ माझ्या पाठीला घट्ट टेकवली. वाघानं किती वेळ पाहिलं ते मला आजही सांगता येणार नाही. मग तो आला तसा सागांत निघून गेला. त्या सगळ्या वेळात मेहुण्यांनी मान वळवली नाही. परत येताना मी विचारलं, "दादा, तुम्हाला पाहावंसंसुद्धा वाटलं नाही?" ते म्हणाले, "तुमी पाहून राह्यले होते नं." यात त्यांना काही मोठं वाटत नव्हतं. मला मात्र त्या दिवसापासून वाटू लागलं की आयुष्यात माझ्यावर इतका भरवसा दुसऱ्या कुणी टाकलेला नाही, आणि मला त्याची भीतीही वाटू लागली.

आता पुढचं सांगायलाच हवं. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, असाच एक रविवार होता. त्यांची पाठ ताठ झाली, पण नेहमीसारखी नाही. खांदा खाली गेला, पुन्हा वर आला, बांबूची काठी करकरली. आणि ते हसले. तळ्याकाठी मी त्यांना हसताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मला हाक मारली नाही, काही म्हटलं नाही. मी आपण होऊन वळलो. दोरीला बांधलेला, मासा लागला की बुडणारा मोरपिसाचा देठ पाण्यावर दिसेनासा झाला होता, दोरी पाणी चिरत एका बाजूला चालली होती, आणि क्षणभर तांबूस, रुंद पाठ वर येऊन पुन्हा खाली गेली. पंधरा वर्षं ज्याचा नुसता आवाज ऐकला ते मी पाहत होतो. किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे. इतकी वर्षं आम्ही वाघासाठी पहारा दिला आणि आलं ते रानडुक्कर. झुडपातून सरळ अंगावर आलं. मी एका बाजूला फेकला गेलो. त्यांच्या मांडीत सुळा घुसला आणि ते काठीसकट पाण्यात पडले.

डुक्कर जसं आलं तसं निघून गेलं. मी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांची मांडी आवळली, त्यांना पाठीशी बांधून स्कूटरवर गिरडपर्यंत आणलं, तिथून एका जीपमधून हिंगणघाटच्या दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी खाटेभोवती वहिनी होत्या, माझी बायको होती, चौकशीला आलेला वनरक्षक होता. सगळ्यांचा प्रश्न एकच होता: रानाकडे पाहायला जावई होते, मग डुक्कर दिसलं कसं नाही? मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो आणि सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मेहुणे म्हणाले, "मीच म्हटलं जवाईबापूले, वळा, पाहा किती मोठा हाय. माझीच गलती." आणि मग माझ्याकडे पाहून, "जवाईबापू, थोडं पानी द्या." मी पाणी दिलं. त्या दिवशी बोललो नाही, आणि मग बोलणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. बायको घरी म्हणाली, "दादानं तुमाले वळा म्हटलं असन, हे मले पटत नाई." मी पेपर उघडून तोंडासमोर धरला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सात-आठ महिन्यांनी एका रविवारी दारात हॉर्न वाजला. ते लंगडत स्कूटरवरून उतरले होते. तळ्याकाठी त्यांनी पोतं अंथरलं आणि पाण्याकडे तोंड करून बसले. मी उभाच राहिलो. म्हटलं, "दादा, दुसऱ्या कुणाला सोबत आणू या का?" ते म्हणाले, "काऊन? तुमाले काई काम हाय?" मी बसलो. त्यानंतर मी कधीही वळलो नाही. एकदा गांधीलमाशी कानाला चावली, तरी नाही.

त्यांचे डोळे जात आहेत हे डॉक्टरच्या आधी मला कळलं. मागे पाण्यात खळबळ व्हायची, आणि त्यांची पाठ ताठ व्हायची नाही. असे तीन रविवार गेले. नंतर नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि गेलेली नजर परत यायची नाही हेही सांगितलं. दुकानात त्यांचं अडत नाही. गिऱ्हाईक आवाजावरून ओळखतात, आणि पोहे हाताला लागले की जाड की पातळ ते सांगतात. मी म्हटलं, तळं राहू द्या, पवनारच्या अलीकडे धाम नदीच्या काठी बसू, मोकळी जागा आहे, माणसांची ये-जा आहे. एकदा नेलंही. पाठीला पाठ लावून बसलो. "काय हाय मांगं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रस्ता आहे, वर्ध्याची बस चालली आहे. "मंग इथं पाठ कायले लावाची?" असं म्हणून त्यांनी दोरी गुंडाळली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गिरडकडे गेलो. स्कूटर मी चालवत होतो. झाडीत उभं राहून त्यांनी रानाला सांगायचं ते सांगितलं, पोतं अंथरलं आणि म्हणाले, "तुमी पान्याकडं बसा आता. मी तिकडं पाहातो." मी म्हणालो, "दादा, तुम्हाला..." ते म्हणाले, "ऐकू येते नं. तुमच्याहून बरं येते." आणि ते रानाकडे तोंड करून, मान वर करून, काही न दिसणारे डोळे सताड उघडे ठेवून बसले. गळाला गोळा कसा लावायचा, दोरी किती सोडायची, सगळं त्यांनी पाठमोरं राहून सांगितलं. मी काठी धरून बसलो. ऊन पाण्यावर आलं होतं. पाठीला त्यांची पाठ होती, आधीपेक्षा खूपच हडकुळी, आणि मला राहवलं नाही.

"दादा, त्या दिवशी तुम्ही मला वळा म्हटलं नव्हतं."

थोडा वेळ ते रानाचा कानोसा घेत राहिले. मग म्हणाले, "नाई म्हटलं."

"मग तसं सांगितलं कशाला सगळ्यांना?"

"म्हनायले पायजे होतं," ते म्हणाले. "पंधरा वर्सं मानूस माझ्यासाठी पान्याले पाठ देऊन बसला. इतका मोठा मासा लागला, आन मी एकटाच पाहून राह्यलो. वळा म्हनायले पायजे होतं मी. तेच सांगतलं."

माझे डोळे इतके भरून आले की समोरचं तळं नुसतं पांढरं झालं. हातातली दोरी हलकेच ओढली गेली, म्हणजे मासा आला असावा; पण तो मोरपिसाचा देठ आता आम्हा दोघांपैकी कुणालाच दिसत नव्हता.