मास्तरांच्या गाडीतला लाल दिवा

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या त्या माणसाला सगळी गिऱ्हाइकं मास्तर म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. शिकवायची हौसच तशी होती. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा पेटलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झालं की तो विझलाच पाहिजे, हे ते प्रत्येकाला न विचारता सांगायचे, आणि समोरच्याला कळलं तरी पुन्हा सांगायचे. दिवा पेटलेला असताना तशीच गाडी दामटत आलेल्या माणसाची तर खैर नसे. "देवानं डोळे दिलेत ना? मग तो दिवा काय शोभेला लावलाय?" असं चारचौघांत ऐकवायचे. हात सोन्याचे, पण जिभेला हाड नाही, असा हा गृहस्थ.

दुकानात त्यांच्या हाताखाली त्यांचा जावई होता. कामाला चोख, बोलायला कमी. मास्तरांची पाठ आता कुरकुरायला लागली होती. बॉनेटखाली वाकले की सरळ होताना तोंडातून आपसूक "आई गं" निघायचं. तेव्हा दुकानाच्या किल्ल्या जावयाच्या हाती द्यायच्या, हे घरात जवळपास ठरलं होतं. जवळपासच. मास्तर नुसतं "बघू" म्हणायचे, आणि त्या "बघू"वर लेक, जावई आणि जावयाची आई असे तिघंही टांगलेले होते.

त्या दिवशी या जावयाच्या आईचं, म्हणजे विहीणबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. जावई एका बसच्या वायरिंगमध्ये गळ्यापर्यंत अडकलेला, लेक कामावर. मास्तर मोठेपणानं म्हणाले, "मी नेतो त्यांना. दारात गाडी असताना दुसऱ्याची कशाला?" विहीणबाई मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. ऊन मी म्हणत होतं. मास्तरांनी पंखा पूर्ण वेगात सोडला, रेडिओ लावला आणि वाटेत दिसणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांमधले दोष दाखवायला सुरुवात केली.

अर्धा रस्ता झाला असेल, तर रेडिओ मध्येच गप्प झाला. वळणावर सिग्नल दिला, तर त्याची टिकटिक पेंगत पेंगत यायला लागली. मास्तरांनी ओळखलं. इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी भरत राहणारा अल्टरनेटर काम करत नव्हता. आता बॅटरीत जे काही उरलं असेल, त्यावर गाडी जाईल तेवढी जाणार. मास्तरांनी पटकन डॅशबोर्डकडे पाहिलं. लाल दिवासुद्धा पेटलेला नव्हता.

आणि लगेच त्यांना गुन्हेगार सापडला. अल्टरनेटरमागून त्या दिव्याकडे एक बारीक वायर जाते. ती सुटली तर दिवाही पेटत नाही आणि चार्जिंगही होत नाही. आणि गेल्याच आठवड्यात अल्टरनेटर उतरवून त्याचे आतले झिजलेले कार्बन बदलले होते ते जावयानं.

"तुमच्या चिरंजिवांची कृपा," मास्तर पंखा बंद करत म्हणाले.

"काय झालं?" विहीणबाईंनी विचारलं.

"वायर सैल ठेवलीय त्यानं. एवढीशी वायर! ती आवळता येत नाही माणसाला. आता पंखा नाही, हॉर्न नाही, काही नाही. पोचलो तर पोचलो."

"तो असं करत नाही हो."

"करत नाही? मग ही गाडी काय माझ्यावर रुसलीय?" मास्तरांचा पारा चढत चालला होता. खरं तर त्यांना भीती वाटत होती, पण भीती वाटली की ते भांडत. "आणि असल्या हातात मी दुकान द्यायचं म्हणता? गिऱ्हाईक जोडे मारेल मला. नाही जमायचं ते. राहू दे त्याला हाताखालीच."

 विहीणबाईंनी पर्समधून तपासणीचे कागद काढले आणि त्या कागदांनीच त्या वारा घ्यायला लागल्या. आरशात मास्तरांना त्यांचा घामेजलेला चेहरा दिसत होता. थोड्या वेळानं कागद हलायचेही थांबले.

पुढचा रस्ता मास्तरांनी कसाबसा कापला. खिडकीतून हात काढून वळण दाखवलं. हॉर्नच्या जागी "अहो सरका, सरका!" असं स्वतःच ओरडले. सिग्नलला इंजिन बंद पडू नये म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही, कारण एकदा बंद पडलं की पुन्हा सुरू करायला बॅटरीत जीव नव्हता. पण डोळ्यांच्या हॉस्पिटलचं फाटक समोर दिसलं आणि नेमकी तिथल्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि मान टाकली.

मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. मास्तर खाली उतरून ढकलायला लागले, तर पाठीनं असहकार पुकारला. तेव्हा विहीणबाई उतरल्या, पर्स गाडीच्या टपावर ठेवली आणि फाटकावरच्या वॉचमनबरोबर त्यांनी गाडीला हात लावला. ऑपरेशनला आलेली बाई गाडी ढकलत आत आली. बाकावर बसलेले पेशंट एका डोळ्यानं ती गंमत बघत होते. वॉचमननं विचारलं, "गाडी वेळेवर दाखवत नाही का हो कुणाला?" मास्तरांनी आपण काय काम करतो ते सांगितलं नाही.

विहीणबाईंना आत नेलं. जाण्याआधी त्यांनी मुलाला फोन लावला, एवढं मास्तरांनी पाहिलं. मग ते पार्किंगमध्ये आले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. ती बारीक वायर त्यांनी चिमटीत धरून ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. जावयानं नट तर आवळला होताच, वर वायर घासू नये म्हणून नळीचा तुकडाही चढवला होता. इतकं नेटकं काम मास्तरांनी स्वतःच्या गाडीवर कधी केलं नव्हतं.

ते सीटवर येऊन बसले आणि किल्ली फिरवली. तेवढ्या विश्रांतीनं बॅटरीत थोडी धुगधुगी आली होती. ऑइलचा दिवा मिणमिणला. बॅटरीच्या दिव्याची जागा काळीच राहिली. आणि तिथे त्यांना आदल्या दिवशीचा तो टेम्पोवाला आठवला.

टेम्पोवाल्याला घाई होती. त्याच्या डॅशबोर्डचा बल्ब गेला होता आणि दुकानात त्या मापाचा शिल्लक नव्हता. मास्तरांनी ऐटीत आपल्याच गाडीतला काढून त्याला बसवला होता. "माझी गाडी घरचीच आहे, उद्या टाकीन," असं म्हणाले होते आणि साफ विसरले होते. त्यांच्या जुन्या गाडीत त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटवरच अल्टरनेटर जागा होतो. बल्ब नाही तर चार्जिंग नाही. सगळ्या जगाला ते सांगायचे ते हेच. त्यांनी डॅशबोर्डमागे हात घातला. बोटाला रिकामा होल्डर लागला.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एरवी ते स्वतःशीसुद्धा हार मानत नसत, पण त्या रिकाम्या होल्डरशी काय वाद घालणार? तरी मन मोठं बेरकी असतं. डॅशबोर्डवरच हेडलाइटची खूण दाखवणाऱ्या निळ्या दिव्यामागचा बल्ब त्याच मापाचा होता. त्यांनी तो काढून लाल दिव्याच्या जागी बसवला. आता कुणालाही कळलं नसतं. वायर सैल होती, मी आवळली, एवढं म्हटलं की झालं. वाक्य तयारही झालं आणि ते तयार झालं याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

दुपारी जावई भरलेली बॅटरी घेऊन आला. विहीणबाई डोळ्यावर पट्टी बांधून सावलीतल्या बाकावर बसल्या होत्या. जावयानं बॅटरी खाली ठेवली. बॉनेटकडे त्यानं अजून पाहिलंही नव्हतं.

"चुकलं माझं, मामा," तो म्हणाला. "आईनं सांगितलं फोनवर. सैल राहिली असणार माझ्याकडून. परत नाही होणार."

 न बघता, न विचारता चूक कबूल करणारा हा माणूस मास्तरांनीच घडवला होता, रोज थोडा थोडा ओरडून.

"तुझं नाही चुकलं," ते विहीणबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले. "बल्ब मी काढला होता. काल, टेम्पोवाल्यासाठी. माझ्या हातानं."

"असू दे, मामा. आई इथं बसलीय म्हणून तुम्ही..."

"अरे, खरंच मी काढला! विहीणबाई, तुमच्या मुलाची वायर पक्की होती. मी गाडीत जे बोललो, ते सगळं चुकीचं बोललो."

विहीणबाईंनी उघडा डोळा मास्तरांवर रोखला. "मला नका सांगू," त्या म्हणाल्या. "त्याला पटतंय का बघा."

मास्तरांनी खिशातून दुकानाच्या किल्ल्या काढून जावयाच्या हातात ठेवल्या. त्यानं गोंधळून त्या घेतल्या, पण आता कुठलं शटर उघडायचंय, असा चेहरा केला. मग त्यानं बॅटरी बदलली. मास्तरांनी गाडी सुरू केली. लाल दिवा पेटला आणि विझला, अगदी ते सांगायचे तसा.

"बघ," मास्तर खिडकीतून म्हणाले. "चार्जिंग होतंय. तुझं काम चोख होतं."

"हो, मामा," जावई म्हणाला, आणि पाना घेऊन तो आधीच घट्ट असलेला नट पुन्हा आवळायला लागला.