मंदाताईंचं लाटणं

फोन आला तेव्हा मी काळाचौकीच्या भाड्याच्या घरात चहा गाळत होतो. “काका, आत्या गेली... झोपेतच,” मंदाताईंची भाची म्हणाली. गाळणं हातात धरून मी तसाच उभा राहिलो. दुःख नंतर आलं, आधी रागच आला. गिरगावात, फणसवाडीतल्या चाळीच्या जागी आमची नवी इमारत जवळजवळ तयार होती, आणि ज्यांनी आम्हा सगळ्यांना तिथे परत न्यायचा शब्द दिला होता त्याच आधी निघून गेल्या होत्या!

मंदाताई आमच्या जुन्या चाळीत समोरच्या खोलीत राहत. एका विमा कंपनीच्या इमारतींची देखभाल बघण्यात त्यांची सारी नोकरी झाली. निवृत्त झाल्या आणि चाळीच्याच मागे लागल्या. गणपतीआधी घरोघरी रंग द्यायची आमची रीत. रंग दिला की भेगा झाकल्या जात आणि आम्ही खूश! ताईंनी नियम केला, आधी फेरी, मग रंग. एक जुनं शिसवी लाटणं घेऊन त्या प्रत्येक घरात शिरत, लाकडी खांब, तुळया, मोरीची भिंत ठोकत आणि कान लावत. “पावडर लावून ताप उतरतो का रे, सुधीर?” म्हणत. आम्ही त्यांना डॉक्टरीणबाई म्हणून चिडवायचो. पण कुठे पोकळ वाजलं की लगेच सुतार हजर. आजूबाजूच्या चाळींना टेकू लागले तेव्हाही आमची ताठ उभी होती, ती या एका बाईच्या चिवटपणामुळे, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

एके वर्षी कामतवहिनींनी मोरीला छतापर्यंत चकचकीत टाइल्स लावल्या. मधला खांबही त्यात झाकून टाकला. सगळी चाळ बघायला लोटली आणि पाठोपाठ खालच्या-वरच्या घरांनीही तेच केलं. त्या वर्षीच्या फेरीत ताईंनी वहिनींच्या टाइल्सवर लाटणं ठोकलं आणि आवाज ऐकून ताईंचाच चेहरा उतरला. वहिनी रडकुंडीला आल्या, तरी ताईंनी टाइल्स काढायला लावल्या. आतला खांब पाणी पिऊन पिऊन भुसा झाला होता. लाटण्याचं टोक सहज आत गेलं. वर आणि खाली तीच गत. ताई जिन्यात बसल्या.

“आता डागडुजी नको. ही उतरवून नवीच बांधायला हवी,” त्या म्हणाल्या.

चाळ खवळली. “गिरगावातनं एकदा उठलेलं बिऱ्हाड परत आलेलं बघितलंय का कधी?” वहिनींनी सभेत विचारलं. बिल्डरनं ताईंना खिशात टाकलं, अशी कुजबुजही झाली. ती त्यांच्या कानावर गेली, आणि त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पण सभेत त्या उभ्या राहिल्या. “एकूण एक बिऱ्हाड परत आणीन. सगळे आत गेल्याशिवाय मी माझ्या घरात पाऊल ठेवणार नाही.”

मग चाळ रिकामी करून आम्ही भाड्याच्या घरांत पांगलो. ताई भाचीकडे दादरला राहायला गेल्या, पण जीव फणसवाडीतच. गुडघे दुखत असताना हेल्मेट घालून बांधकामावर हजर! इंजिनिअरला बजावायच्या, “नवी इमारतसुद्धा पहिल्या दिवसापासून म्हातारी व्हायला लागते. पाइप उद्या गळला तर भिंत न फोडता हात कुठून घालायचा, ते आधी दाखवा.” आमची शेवटची भेट तिथलीच. लाटणं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “जिने आता होत नाहीत रे. तू धर.”

“मला कुठे कळतंय, ताई?”

“कान आहेत ना? मग झालं.”

गेल्या रविवारी किल्ल्या मिळाल्या. हार, पेढे, कुकर, देव्हारे, सगळा गलका. भाची मात्र ताईंच्या घराची किल्ली मुठीत धरून बंद दाराशी उभी होती. शेवटचं बिऱ्हाड आत गेलं तेव्हाच तिनं कुलूप काढलं. आम्ही सगळे गोळा झालो होतो. मी भिंतीवर लाटणं ठोकलं. आवाज भरीव आला... आणि मला रडू आवरेना.

लाटणं सध्या माझ्या दारामागे टांगलेलं आहे. बायको पोळ्यांना मागते, मी देत नाही. परवा सकाळी बेल वाजली. दारात कामतवहिनी.

“भाऊजी, भिंतीला फळी ठोकायचीय. आधी लाटणं घेऊन येता का?”