सुनेची दोन नावं

माझ्या सुनेला दोन नावं आहेत. एक तिच्या आईबापाने ठेवलेलं, दुसरं आमच्या घरात लग्नाच्या दिवशी ठेवलेलं. एकच नाव असतं तर माझी नात आज इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असती. ती नाही. ती वेल्ह्यात एका दुकानात बसून लोकांचे अर्ज भरते.

आमच्याकडे नवी सून उंबरा ओलांडून आत आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवऱ्याने अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहायचं असतं. काही घरांत हौस म्हणून बदलतात, काही ठिकाणी भटजी रास बघून अक्षर देतात. आम्हाला बदलावंच लागलं, कारण सुनेचं माहेरचं नाव आणि माझ्या सासूचं नाव एकच होतं. सासू तेव्हा हयात होती, ओट्यावर बसून सगळ्यांना शिव्या देत होती. तिच्या देखत तिचंच नाव घेऊन सुनेला भांडी घासायला हाक कशी मारायची? थोरल्या माणसाचं नाव घरात कुणी घेत नाही. म्हणून दुसरं ठेवलं. मुलाने तांदळात लिहिलं, बायांनी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी ते तांदूळ शिजवले. माझंही असंच बदललं होतं, सासूचंही.

पुढे दुसऱ्या बाळंतपणाला सून माहेरी गेली, भोंगवलीकडे. तेव्हा आधार कार्डं नुकती निघाली होती. तिथल्या ग्रामपंचायतीत मशीन आलं, तिच्या आईने पोटुशी लेक रांगेत बसवली. माहेरी तिला माहेरच्या नावानेच ओळखतात. भावाने तिचा शाळेचा दाखला पुढे केला आणि त्यावरचं नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं तसंच उतरलं. ते मूल जगलं नाही. सून परत आली ती कार्ड तेवढं घेऊन. त्या दिवसांत कार्डावर काय लिहिलंय हे कोण बघतंय?

नंतरही कधी अडलं नाही. रेशनला अंगठा लागतो. अंगठा जुळला की धान्य मिळतं, नाव कुणी मोठ्याने वाचत नाही. मतदार यादीत आणि नातीच्या शाळेत आमच्या घरचं नाव होतं, आधारावर माहेरचं. दोन्ही आपापल्या जागी सुखाने होती.

मुलगा गेला तेव्हा नात दहावीत होती. कावीळ अंगावर काढली त्याने. मी सांगत होते, दवाखान्यात जा. तो गावठी औषध घेत राहिला आणि मेला. त्यानंतर घरात आम्ही तिघी उरलो.

नात हुशार, हे मास्तरच सांगायचे, मी सांगत नव्हते. बारावीनंतरची परीक्षा देऊन तिचा पुण्याच्या अलीकडच्या एका कॉलेजात नंबर लागला, सिव्हिलला. सिव्हिल म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, पूल, रस्ते, धरणं. माझं माहेर गुंजवणीच्या धरणात गेलेलं. मी म्हणाले, "म्हंजे गावं बुडवायला शिकनार."

"कुनीतरी बांधनारच हाय, आजी. मग आपलं मानूस का नको?"



फी आम्हाला झेपणारी नव्हती आणि कॉलेजलाही ते दिसत होतं. सरकारची शिष्यवृत्ती मिळाली की फीचं भागणार होतं. अर्ज मंजूर होईपर्यंत कॉलेजने तिला वर्गात बसू दिलं. शिष्यवृत्ती नाही तर कॉलेज नाही, एवढा साधा हिशेब होता आणि तो तिघींनाही ठाऊक होता.

बाप नाही, म्हणून अर्जात पालक आई. आईचं आधार लागतं, आईच्या नावाने उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखला आधार बघून निघाला, म्हणजे माहेरच्या नावाचा. आणि बारावीच्या निकालावर मुलीच्या नावाखाली आईचं नाव छापलेलं असतं, ते आमच्या घरचं. नातीने हे बघितलं होतं. तिला वाटलं, आई एकच आहे, चालेल. दिवाळीच्या आधी अर्ज परत आला. पालकाचं नाव जुळत नाही, असा एका ओळीचा शेरा होता.

भात कापणीला आलं होतं. ते तसंच उभं ठेवून आम्ही तिघी तालुक्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतला कारकून तरुण होता, वाईट नव्हता. त्याने निकाल आणि आधार शेजारी शेजारी ठेवून बघितलं.

"आजी, कागदावर या दोन बायका आहेत."

"दोन कुठनं? हितं एकच हुबी हाय. मोजा."

तो हसला. मग म्हणाला की त्याने मोजून उपयोग नाही, कॉम्प्युटरने मोजायला हवं, आणि त्याआधी नावाचं प्रतिज्ञापत्र करायला हवं. मागे आमच्या तालुक्याचंच नाव बदललं, वेल्ह्याचं राजगड झालं. कचेरीवर नवी पाटी लागली आणि जुन्या नावाचे दाखलेही चालत राहिले. मी त्याला विचारलं, तालुक्याकडं कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं व्हतं का?

"ते सरकारनं बदललं, आजी. तुमचं तुम्ही बदललं."

त्याचं बरोबर होतं. त्याने आम्हाला भोरला वकिलाकडे जायला सांगितलं.

चेलाडी फाट्यावर उतरून भोरची एसटी धरली. कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेला एक वयस्कर वकील मिळाला. त्याने दोन नावांचं नीट ऐकून घेतलं. लग्नाची नोंदणी आहे का, विचारलं. मी म्हणाले, मांडव होता, अख्खं गाव जेवलं. तो म्हणाला, मग आता नोंदणी करून टाका, तो दाखला मिळाला की आधार लगेच बदलतं. नवराबायको दोघांच्या सह्या लागतील.

 सुनेने कपाळाकडे बोट नेलं. टिकली नव्हती. वकिलाने पेनाला टोपण लावलं.

मग त्याने दुसरा रस्ता सांगितला. सरकारच्या राजपत्रात जाहिरात देऊन नाव एक करून घ्यायचं. जुनं नाव अमुक, इथून पुढे तमुक. एकदा छापून आलं की सगळीकडे तेच चालतं. त्याने कोरा कागद पुढे ओढून सुनेला विचारलं, "बोला, कोणतं नाव ठेवायचं?"

मला वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे? सून म्हणाली, "आधारावरचं ऱ्हाऊ द्या. ते माझं हाय."

तिने हे हळूच म्हटलं, पण आम्ही तिघांनीही ऐकलं. वकिलाने तिला समजावलं की तसं करता येईल, पण मग मुलीच्या दहावी-बारावीच्या निकालांवरचं आईचं नाव बदलावं लागेल. शाळा, मग बोर्ड, मग पुन्हा शाळा. वर्ष जाईल. शिष्यवृत्ती तोवर थांबणार नाही.

सून नातीकडे बघत होती. नात खाली बघून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. तिने आईला कर म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. कुणीतरी बोलायला पाहिजे होतं, म्हणून मी बोलले.

"लिवा वो. आमच्या घरचं लिवा."

वकिलाने सुनेकडे बघितलं. तिने मान हलवली. सही करताना तिला आधी जुन्या नावाची करायला लावली, मग नव्या नावाची. माहेरच्या नावाची सही तिला झटकन आली. आमच्या घरचं नाव तिने एकेक अक्षर काढत लिहिलं. एवढी वर्षं ते नाव तिला ऐकायलाच लागत होतं, लिहायला नाही.

परतीच्या एसटीत ती माझ्याशेजारी बसली होती.  नसरापूर आल्यावर म्हणाली, "आत्या, मला त्या नावानं फकस्त आई हाक मारायची. भाऊ आक्का म्हनतो. आई गेल्यावर ते कार्डावर तेवढं व्हतं."

मी म्हणाले, "कार्ड कुनाला हाक मारतंय व्हय?"

 मला झोप लागली.

राजपत्रात नाव यायला दिवस गेले. तोवर आम्ही भात कापलं आणि झोडलं. ते छापून आल्यावर सून आधार केंद्रावर गेली. नावही बदललं, बापाच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, आडनावही बदललं, सगळं एकदम. म्हणून पहिल्या खेपेला नाकारलं, आणखी पुरावे मागितले. ते दिले. मग उत्पन्नाचा दाखला नव्या नावाने पुन्हा काढायचा, तर त्याला नवं आधार हातात हवं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. नात आठवड्याच्या सुटीला यायची, टेम्पोने वेल्ह्याला जायची आणि काळोख पडताना परत यायची. जेवताना पुस्तक समोर असायचं, पान उलटायचं नाही.

होळीच्या सुमारास सगळे कागद एका बाईचे झाले. नातीने मोबाईलवर अर्ज उघडला. परत आलेले अर्ज दुरुस्त करायची मुदत संपली होती. तिने मला ते दाखवलं. मला चष्म्याशिवाय दिसत नाही, पण तिच्या तोंडावरून कळलं.

कॉलेजला मी दोष देत नाही. त्यांनी वाट बघितली, मग बघायची सोडली. एक दिवस नात पत्र्याची पेटी घेऊन एसटीतून उतरली. तिच्या आईने पेटी उचलून डोक्यावर घेतली आणि पुढे चालायला लागली. रस्त्यात दोघी काही बोलल्या असतील तर मला माहीत नाही. घरी आल्यावर सुनेने भाकऱ्या केल्या आणि आम्ही जेवलो.

चार दिवसांनी शेजारीण आली, ताक मागायला. म्हणाली, "जाऊ द्या आत्याबाई. शिकून तरी काय, एक दिस नाव बदलायचंच. आता स्थळ बघा."

तिचंच तिला हसू आलं. चुलीपुढे बसलेली सून उठली, ताकाचं भांडं तिच्या हातात दिलं आणि दाराकडे बघत उभी राहिली. शेजारीण गेली ती नंतर बरेच दिवस आली नाही. नवं आधार आल्यावर जुनं कार्ड कापून टाकायला नातीने सांगितलं होतं. ते सुनेने तांदळाच्या डब्यात ठेवलं आहे. तांदूळ काढताना माझ्या हाताला लागतं. मी ते बाजूला करते आणि तांदूळ काढते.

नातीने वेल्ह्याच्या सेवा केंद्रात काम धरलं. मालकाला अर्ज भरणारं माणूस हवं होतं आणि हिच्याइतके अर्ज कुणी भरलेले नव्हते. पुन्हा परीक्षा देऊन पुन्हा नंबर लावणार का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, बघू. तिची पुस्तकं पेटीतच आहेत. तिने ती बाहेर काढली नाहीत आणि कुणाला दिलीही नाहीत.

परवा मी निराधार पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला तिच्या दुकानात गेले. बाकावर चार माणसं होती. डोंगरावरच्या धनगरवाड्यातली एक बाई आणि तिची मुलगी माझ्या आधी होत्या. मुलीला इंजिनिअरिंगला नंबर लागला होता, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. नातीने दुसरं काही विचारायच्या आधी आईचं आधार आणि मुलीचा निकाल मागून घेतला. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले आणि बोट ठेवून वाचले.

"लग्नात नाव बदललं व्हतं का, मावशी?"

बाई म्हणाली, बदललं होतं, पण आधार सासरी आल्यावरच काढलं. दोन्हीकडे एकच होतं. नातीने मान हलवली. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आजी, तुझं आधीचं काय व्हतं गं?"

मला क्षणभर आठवावं लागलं. मग सांगितलं.

"कागद हाय का त्याचा?"

माझी शाळा चौथीपर्यंतच. ती ज्या गावात होती, ते गाव आता पाण्याखाली आहे. मी म्हणाले, "न्हाई."

"मग बरं हाय," ती म्हणाली आणि त्या मुलीचा अर्ज भरायला लागली. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठे थांबली नाही. सगळं भरून झाल्यावर तिने बटण दाबलं, मशीनमधून पावती बाहेर आली. ती तिने हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचली. त्या मुलीने हात पुढे केला होता. नातीने पावती आणखी एकदा वाचली, मग दिली, आणि मला म्हणाली, "बस फुडं, आजी. अंगठा दे."